शाळेतली भाजी मुलांच्या ताटात कशी येईल?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला एका प्रायमरी शाळेत शिकवते. मागच्या वर्षी मुलांकडून टमाटर आणि वांगी लावून घेतली, पण फळं येईपर्यंत मुलांचा इंट्रेस्टच संपला. अंगण सगळं पक्कं आहे, डब्यात हिरवी भाजी दिसली की मुलं झाकण लावून टाकतात. यंदा काय लावू?
– एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, आधी भाजी ठरवू नका, पदार्थ ठरवा! मुलांना स्वतःच्या हाताने काय करून खायचंय ते विचारा आणि त्याला जे लागतं ते लावा. इंदूरची मुलं पोहेच म्हणणार, मग कोथिंबिरीपासून सुरुवात करा. धणे आख्खे पेरायचे नाहीत, लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. तरी उगवायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात आणि तेवढा धीर मुलांना नसतो, म्हणून शेजारच्या डब्यात मेथी पेरा, ती तीन-चार दिवसांत वर येते नि महिन्याभरात खुडायला होते. मुळा पण लवकर येतो, त्याचा पाला फेकू नका. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच पेरलंत तर थंडीत हे सगळं मस्त येतं.

जागेचं टेन्शन घेऊ नका. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांच्या पोषण वाटिकेची गाईडलाइन काढली त्यातही जागा नसेल तर कुंड्या, डबे, गच्ची वापरा असंच सांगितलंय. तेलाचे रिकामे डबे घ्या, बुडाला भोकं पाडा. फक्त आपली माळव्याची काळी माती नुसती भरू नका, ती पाणी धरून ठेवते, डब्यात घट्ट होते आणि मुळं सडतात. तिच्यात वाळू आणि भरपूर कंपोस्ट मिसळा. ओला-सुका कचरा वेगळा करणं इंदूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही, तर डब्यातली सालं आणि वाळलेली पानं मिळून खत शाळेतच होऊ दे, तोही धडाच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मुलाने खुडलं ते त्याच दिवशी शिजलं पाहिजे. नुसतं पाणी घालून फोटो काढला तर ती शोभेची बाग झाली, खाण्याशी तिचं नातंच जुळत नाही. पोह्यांवर लिंबू पिळताना सांगा की लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाज्यांमधलं लोह अंगी लागतं. कोणी नाही खाल्लं तर जबरदस्ती नको, रागावणं तर अजिबात नको, नवीन चव पटायला मुलांना बऱ्याचदा आठ-दहा वेळा चाखावी लागते. पावसाळ्यात थोडी मोकळी जमीन मिळाली तर मका लावा, पण एका ओळीत नाही, चौकोनात, कारण तुऱ्यातले परागकण वाऱ्याने शेजारच्या कणसावर पडले तरच दाणे भरतात. मग भुट्ट्याचा कीस वर्गातच होऊ दे!

प्रश्न : नातीला वाटतं डाळ पाकिटातच तयार होते. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, तिला कसं दाखवू?
– एक आजी

उत्तर : आजी, एका वाटीत आख्खे मूग आणि दुसरीत मुगाची डाळ भिजवा आणि उपसून दोन्ही ओल्या फडक्यात बांधा. मुगाला मोड येतील, डाळीला येणार नाहीत, का ते तिलाच शोधू द्या, लगेच सांगू नका हं. मग थंडीत बाल्कनीतल्या कुंडीत गावरान हरभरे पेरा. कोवळे शेंडे खुडले की झाड आणखी फुटतं, त्या शेंड्यांची भाजी करा. घाटे धरले की ती स्वतः सोलून बघेल.