पार्क होमचा विमा साध्या घराच्या पॉलिसीत उतरवला, आता क्लेम नाकारलाय

ताई, तुमचा मेल आणि सोबतची विमा कंपनीची दोन्ही पत्रं वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ताईंच्या सासूसासऱ्यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरचं टेरेस घर (ओळीतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं) विकून लिंकनशायरमध्ये पार्क होम घेतलं, म्हणजे कारखान्यात बनवून दुसऱ्याच्या मालकीच्या साइटवर आणून बसवलेलं बैठं घर. जुन्या घराचा विमा वर्षाला २१० पाउंड होता, पार्क होमचे विमे करणाऱ्या ब्रोकरने ३४० सांगितले, ते महाग वाटले म्हणून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ऑनलाइन फॉर्म भरून साधी होम इन्शुरन्स पॉलिसी १७० पाउंडात घेतली. फॉर्ममध्ये घराचा प्रकार 'बंगला' (इकडे म्हणजे साधं बैठं घर), भिंती 'विटांच्या'. जानेवारीत दोघं साताऱ्याला असताना वादळात छताच्या टाइल्स उडाल्या, पाणी आत आलं, ७,२०० पाउंडांचं नुकसान. कंपनी म्हणते पॉलिसी पहिल्या दिवसापासूनच रद्द, आणि साताऱ्याला जाताना पाइपमधलं पाणी काढून ठेवलं नव्हतं हेही कारण. शिवाय घर ज्या पक्क्या ओट्यावर उभं आहे त्या बेसला तडा जाऊन एक कोपरा खचलाय, बेडरूमचं दार लागत नाही.

सगळ्यात आधी हे, की पॉलिसी रद्द म्हणजे आज त्या घराला विमाच नाही. भांडण चालू राहील, पण योग्य पॉलिसी याच आठवड्यात घ्या आणि 'आधी कुठल्या कंपनीने पॉलिसी रद्द केली होती का' या प्रश्नाला खरं उत्तर द्या, प्रीमियम वाढला तरी. तिथे लपवलंत तर पुढचा क्लेमही याच खड्ड्यात जाईल.

आता क्लेमचं. इथे २०१२ चा कन्झ्युमर इन्शुरन्स अ‍ॅक्ट लागतो. त्यात ग्राहकाने स्वतःहून सगळं सांगत बसायची सक्ती नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नीट काळजी घेऊन द्यायचं. चुकीचं उत्तर मुद्दाम किंवा बेफिकिरीने दिलं असेल तर कंपनी क्लेम नाकारू शकते आणि बहुतेक वेळा प्रीमियमही ठेवून घेऊ शकते. निष्काळजीपणाने दिलं असेल तर बघायचं की खरं कळलं असतं तर कंपनीने काय केलं असतं. जास्त प्रीमियम घेतला असता, समजा १७० ऐवजी ३४०, तर क्लेम त्याच प्रमाणात द्यावा लागतो, म्हणजे निम्मा, ३,६०० पाउंड. विमा दिलाच नसता तर क्लेम शून्य, पण भरलेला प्रीमियम परत.

मुद्दाम होतं हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली सगळीकडे विटांची स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणारी बुटकी भिंत) दिसते, वरच्या पॅनेलवर खरखरीत कोटिंग आहे, लांबून बघणाऱ्याला ते प्लास्टर केलेलं बैठं घरच वाटेल. आत लाकडी फ्रेम आणि खाली लोखंडी चॅसी (सांगाडा) आहे हे सत्तरीच्या माणसाच्या फॉर्म भरताना डोक्यात आलं नसेल तर ते समजण्यासारखं आहे. फॉर्ममध्ये 'पार्क होम' असा पर्यायच नव्हता का, हे फार महत्त्वाचं आहे. म्हणून कंपनीकडे लेखी मागा की त्या दिवशी स्क्रीनवर नेमके कोणते प्रश्न आणि कोणते पर्याय होते, आणि अंडररायटिंगचे (कुणाला विमा द्यायचा, किती दराने, हे ठरवण्याचे) कुठले नियम सांगतात की पार्क होम घेतलंच नसतं. बाबांच्या नावाने त्यांच्या स्वतःच्या माहितीची (डेटाची) मागणी केली तर ती साधारणपणे महिन्याभरात द्यावी लागते.

पण तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय की मेव्हण्याने सांगितलं होतं, बंगला टाका, स्वस्त पडतं. हे मला खटकलं. बाबांना माहीत होतं की हे खरं नाही आणि स्वस्तासाठी टाकलं, असं असेल तर वर लिहिलेलं बरंचसं लागू होत नाही. बाबांशी निवांत बसून बोला, आणि ते जे सांगतील तेच तक्रारीत लिहा, रंगवून काही लिहू नका. आणि प्रामाणिक चूक होती असं धरलं तरी बऱ्याच साध्या होम इन्शुरन्स कंपन्या पार्क होम घेतच नाहीत, त्यामुळे पूर्ण ७,२०० मिळतील ही आशा मी तुम्हाला देणार नाही.

पाणी न काढल्याचं कारण मात्र मला पटत नाही. २०१५ च्या इन्शुरन्स अ‍ॅक्टचं कलम ११ बघा, जी अट मोडली तिच्यामुळे हे नुकसान होण्याचा धोका वाढणं शक्यच नव्हतं, असं दाखवता आलं तर कंपनीला ती अट पुढे करता येत नाही. पाइप गोठून फुटला असता तर गोष्ट वेगळी, इथे वाऱ्याने छत उडालंय आणि पाणी पावसाचं आहे. हा मुद्दा तक्रारीत स्वतंत्र लिहा.

तक्रार आधी कंपनीकडे. त्यांना अंतिम उत्तराला ८ आठवडे असतात, उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे (अशा तक्रारींवर निवाडा देणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जायचं, अंतिम पत्रापासून ६ महिन्यांच्या आत, फी नाही आणि वकीलही लागत नाही. पैसे मिळाले नाहीत तरी रेकॉर्डवर 'मुद्दाम' असा शेरा राहू नये एवढ्यासाठीसुद्धा लढा, कारण पुढे प्रत्येक विम्याला तो आडवा येतो.

पार्क होमचे ३४० आणि जुन्या घराचे २१० यांची तुलना करताना एक गोष्ट सुटलीय. विटांच्या घराला आग लागली तरी पाया, जमीन आणि बऱ्याचदा भिंती राहतात, पार्क होम जळलं तर सगळंच जातं. हलकं असतं, वाऱ्याला जास्त उघडं असतं, विमा देणारे मोजके, म्हणून तेवढ्याच रकमेच्या कव्हरला दर जास्त पडतो. उलट विम्याची रक्कम मात्र नीट धरली तर कमी येते. तुम्ही १,८५,००० पाउंड दिलेत, त्यात मोठा भाग त्या जागेच्या हक्काचा आहे, तो जळत नाही. विमा उतरवायचा तो तसंच नवीन घर आणून बसवायच्या खर्चाचा, म्हणजे घर, वाहतूक, क्रेन, लाइट-पाण्याची जोडणी, आणि जुनं उचलून न्यायचा खर्च. हा आकडा साइट ओनरला (साइटच्या मालकाला) विचारू नका, घर बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या. कमी धरलात तर छोट्या क्लेममध्येही त्या प्रमाणात कापतात. आणि ब्रोकरला स्पष्ट सांगा की दरवर्षी तीन महिने भारतात असतो, कारण रिकाम्या घराची मुदत बहुतेक पॉलिसीत ३० किंवा ६० दिवसच असते. हे धरून कोट ३४० च्या वर गेला तरी तोच घ्या.

शेवटचं बेसचं, आणि इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. ते तुमच्या विम्यातून करायचंच नाही. कायम राहायची परवानगी असलेली साइट असेल (फक्त सुट्टीत राहायचं हॉलिडे लायसन्स नाही ना, हे करारात बघा, घरावर कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक घरपट्टी, येते ही चांगली खूण आहे), तर १९८३ च्या मोबाइल होम्स अ‍ॅक्टमुळे प्रत्येक करारात आपोआप येणारी अट आहे की घर ज्या बेसवर उभं आहे त्याची दुरुस्ती साइट ओनरने करायची. ओनर म्हणतो 'तुमच्या विम्यातून घ्या', ते चूक आहे. तड्याला मोजपट्टी लावून फोटो काढा, सर्व्हेयरकडून एक पानाचा रिपोर्ट घ्या, दुरुस्तीसाठी मुदत देऊन लेखी पत्र द्या, आणि पिच फी (जागेचं भाडं) अजिबात थांबवू नका, ती थकली की ओनरच्या हातात कोलीत मिळतं. ऐकलं नाही तर फर्स्ट-टिअर ट्रिब्युनलच्या (न्यायाधिकरणाच्या) प्रॉपर्टी चेंबरमध्ये अर्ज. अर्जाआधी 'लीज' या सरकारी मदतीने चालणाऱ्या सल्लागार संस्थेला फोन करा, पार्क होमवाल्यांना ते फुकट सल्ला देतात. पत्राचा मसुदा लिहिलात की मला पाठवा, पाठवायच्या आधी बघून देतो.