इलॅस्टिक म्हणजे लवचीक का स्थितिस्थापक?

प्रश्न असा आलाय की टाचेमागचा स्नायुरज्जू (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) रबरासारखा ताणला जात नाही, तरी पुस्तकात त्याला स्थितिस्थापक म्हटलंय, हा शब्द चुकलाय का आणि त्याऐवजी सरळ लवचीक लिहिलं तर चालेल का.

शब्द अगदी बरोबर आहे, आणि लवचीक नका लिहू. लवचीक म्हणजे जे लवतं, वाकतं ते. सोडल्यावर ते पुन्हा सरळ होईलच असं त्या शब्दात कुठेच नाही. स्थितिस्थापक म्हणजे जोर काढला की मूळ स्थितीला येणारं, आणि फिजिक्सला नेमकं तेवढंच म्हणायचंय. किती ताणलं जातं हा मुद्दाच वेगळा, त्यामुळे पोलादसुद्धा उत्तम स्थितिस्थापक, हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरंय.

आता शरीरातलं बघा. संयोजी ऊतींमध्ये, म्हणजे शरीराचे भाग जोडणाऱ्या आणि त्यांना आधार देणाऱ्या ऊतींमध्ये, दोन प्रथिनं महत्त्वाची, कोलॅजन आणि इलॅस्टिन. इलॅस्टिनचा धागा दुप्पट लांब होऊनही परत येतो, महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीत तो भरपूर असतो म्हणून ती प्रत्येक ठोक्याला फुगते आणि परत आवळते. स्नायुरज्जू मात्र बहुतेक कोलॅजनचा, लांबी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढली की तुटायलाच येतो, आणि तेवढ्याच जाडीच्या इलॅस्टिनपेक्षा त्याला ताणायला हजारपटीच्या घरात जोर लागतो. याला ताठपणा म्हणा. म्हणजे तो जास्त ताठ आहे, कमी स्थितिस्थापक नाही! उलट धावताना पाय टेकला की तो ताणून ऊर्जा साठवतो आणि पाय उचलताना त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास परत देतो, बाकीची उष्णता होऊन जाते.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ताण नसताना कोलॅजनचे तंतू सरळ नसतातच, बारीक नागमोडी असतात. सुरुवातीला लांबी एकदोन टक्के वाढेपर्यंत नुसत्या त्या लाटाच सरळ होत असतात म्हणून जोर कमी लागतो, आणि मग तंतू स्वतः ताणले जायला लागले की एकदम ताठ. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला जोराच्या प्रमाणात लांबी वाढण्याचा नियम इथे सुरुवातीला लागू पडत नाही, पुढच्या टप्प्यात बऱ्यापैकी पडतो. तरी सुरुवातीच्या टप्प्यालाही स्थितिस्थापकच म्हणायचं, कारण सोडल्यावर लाटा पुन्हा येतात.

आणखी एक, शिवाय यात वेळेचाही भाग असतो. तोच जोर बराच वेळ ठेवला तर स्नायुरज्जू हळूहळू आणखी लांबतो, त्यासाठी श्यान-स्थितिस्थापक असा शब्द आहे (श्यान म्हणजे मधासारखं दाट, हळू वाहणारं), बोजड आहे पण नेमका आहे, मी तोच वापरते.

खरी अडचण मला वेगळ्याच शब्दाची वाटते. मूळ लांबीच्या तुलनेत लांबी किती वाढली याला फिजिक्समध्ये विकृती म्हणतात, आणि वैद्यकात विकृती म्हणजे आजार. 'स्नायुरज्जूत चार टक्के विकृती आढळली' असं वाचून कुणीही घाबरेल, तो माणूस तर नुसता धावत असतो. अशा ठिकाणी सरळ 'लांबी चार टक्क्यांनी वाढली' असं लिहा.