नाव नसलेलं १८५१ नेव्ही पद्धतीचं रेप्लिका रिव्हॉल्व्हर: बनवणारा कसा ओळखायचा, सुटे भाग कुठून आणायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत घर घेतलंत, गराजमधल्या एका खोक्यात टोपीवर (घोडा आपटला की पेटणाऱ्या चिमुकल्या धातूच्या टोपीवर) चालणारं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर निघालं, आणि आधीच्या मालकाच्या मुलीने ‘ठेवा तुम्हालाच’ असं सांगितलं. फ्रेम पितळेची, नळी अष्टकोनी, सिलिंडरवर जहाजांची लढाई. कंपनीचं नाव कुठेच दिसत नाही. नळी घट्ट धरणारी पाचर हरवली आहे आणि घोडा पूर्ण ताणला तरी सिलिंडर जागेवर अडकत नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि इथल्या बंदुकीच्या काळ्या दारूच्या (जुन्या पद्धतीच्या हत्यारांच्या) क्लबात अशा इटालियन रेप्लिका खोलण्या-जोडण्याचा नाद मला बरीच वर्षं आहे, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी, ते भरलेलं नाही ना हे बघा. ठासणीचं हत्यार भरून विसरलेलं असतं आणि वर्षानुवर्षांनीही उडू शकतं. नळी स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून सिलिंडरच्या मागच्या बाजूला निपलवर (टोपी बसते त्या भोकाच्या बोंडावर) तांब्या-पितळेच्या चिमुकल्या टोप्या आहेत का ते पाहा. असतील तर पुढे काहीही करू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. नसतील तर पाचर नसल्यामुळे तुमचं काम सोपं आहे: नळी पुढे ओढून काढा, मग सिलिंडर काढा आणि गोळ्यांच्या सहाही घरांत पुढून टॉर्च मारा. तळाशी निपलचं भोक दिसलं तर घर रिकामं. शिशाची गोळी किंवा चरबीचा थर दिसला तरीही गाठायचा तो दुरुस्तीवालाच. स्वतः उकरत बसू नका.

आता ओळख. हे अस्सल कोल्ट नाही, हे फोटोशिवायही सांगता येतं. मूळ बनवणारा अमेरिकी कारखानदार सॅम्युएल कोल्ट याच्या १८५१ नेव्हीची फ्रेम पितळेची नसे. पितळ असे ते चापाच्या कड्याला आणि मुठीच्या पट्टीला. पितळी फ्रेमची नक्कल अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांत झाली, कारण तिथे पोलादाची टंचाई होती. जॉर्जियातलं ग्रिसवोल्ड अँड गनिसन हे त्यातलं प्रसिद्ध नाव, पण त्यांच्या नळ्या पुढे गोल असत आणि सिलिंडर कोरा. तुमच्या सिलिंडरवरचं चित्र १६ मे १८४३ च्या टेक्सस विरुद्ध मेक्सिको आरमारी लढाईचं आहे, आणि ते कोल्टचं वैशिष्ट्य. म्हणजे फ्रेम दक्षिणेची आणि चित्र कोल्टचं. असा संकर विसाव्या शतकातल्या कारखान्यांनीच केला.

आणखी एक खूण: सिलिंडरच्या घराचं तोंड कॅलिपरने मोजा. साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास आलं तर .३६ कॅलिबर, सव्वाअकराच्या पुढेमागे आलं तर .४४. कोल्टने १८५१ नेव्ही .४४ मध्ये काढलीच नाही. ती रेप्लिकावाल्यांची कल्पना, कारण गिऱ्हाइकाला मोठी गोळी हवी असते! (चुंबकही लावून बघा. नळी आणि सिलिंडर दोन्हीला चुंबक चिकटत नसेल तर ती जस्ताच्या ओतकामाची शोभेची वस्तू आहे. तसं असेल तर भाग शोधत बसू नका, भिंतीवर लावा.)

अशा रेप्लिका बहुतेक करून उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराच्या परिसरात, वाल त्रोम्पिया या बंदुकांच्या खोऱ्यात बनतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस नेव्ही आर्म्स या अमेरिकी कंपनीचे व्हॅल फोर्जेट तिथे गेले, आल्दो उबेर्ती आणि ग्रेगोरेल्ली यांच्याकडून नेव्ही रिव्हॉल्व्हरची नक्कल करून घेतली. यादवी युद्धाची शताब्दी १९६१ पासून येत होती, त्यामुळे माल धडाधड खपला. पुढे पिएत्ता, आर्मी सान मार्को, आर्मी सान पाओलो असे बरेच जण या धंद्यात उतरले.

इथे नवखे लोक फसतात. नळीवर मोठ्या अक्षरांत जे नाव असतं ते बहुधा अमेरिकेतल्या आयातदाराचं असतं, बनवणाऱ्याचं नाही. एकच आयातदार आज एका कारखान्याकडून घ्यायचा, उद्या दुसऱ्याकडून. त्यामुळे तुमच्या नळीवर नाव नाही याचं मला फार वाईट वाटत नाही. खरा शिक्का लपलेला असतो. नळीच्या खालच्या बाजूला, ठासणीच्या दांड्याआड बघा. दांडा खाली पाडला की तो पट्टा उघडा पडतो. सिलिंडरचा पुढचा-मागचा चेहरा, फ्रेमची चापाजवळची खालची बाजू आणि मूठ काढल्यावर आतली पट्टी, हेही तपासा. अष्टकोनात ‘यू’ असेल तर उबेर्ती. हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत ‘एफएपी’ असेल तर पिएत्ता. ‘एएसएम’ म्हणजे आर्मी सान मार्को, आणि ‘डीजीजी’ म्हणजे आर्मी सान पाओलो.

त्याच शिक्क्यांच्या शेजारी सरकारी चाचणीचे छाप असतात: ताऱ्याखाली ‘पीएन’, म्हणजे काळ्या दारूवर चाचणी झालेली, आणि छोट्या चौकटीत वर्षाचा संकेत. १९७४ पर्यंत रोमन आकडे होते, १९७५ ला दोन अक्षरांची मालिका ‘एए’ पासून सुरू झाली आणि २००६ ला ‘सीए’ पर्यंत पोचली. वर्ष कळलं की निम्मे कारखाने आपोआप गळतात.

काहीच सापडलं नाही तर? १९७०च्या दशकात ही रिव्हॉल्व्हरं अर्धवट घासलेल्या किटच्या रूपात खूप विकली गेली. घरी बसून कानस आणि पॉलिशचं चाक फिरवणाऱ्या उत्साही काकांनी शिक्केसुद्धा घासून टाकले. पितळेच्या कडा गोलसर झाल्या असतील, स्क्रूची भोकं बशीसारखी खोल दिसत असतील, तर तुमचंही तेच असण्याची शक्यता मोठी. मात्र एकाच जागी, मुद्दाम नंबर खरवडल्यासारखा खड्डा दिसला तर पुढचं सगळं थांबवून आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.

शिक्का नसला की मापं बोलतात. एक निपल काढा (नेमक्या पान्यानेच, पक्कडीने नाही) आणि त्याचा आटा मोजा. आजच्या बऱ्याच पिएत्ता आणि उबेर्तींवर ६ मिमी, ०.७५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो. सिलिंडरची लांबी, व्यास, पाचरीच्या खाचेची उंची-रुंदी, स्क्रूचा आटा, हे सगळं कागदावर उतरवा. सिलिंडर मागे बारीक आणि पुढे जाड, असा पायरीचा असेल आणि कॅलिबर .४४ असेल तर मी आधी पिएत्ताकडे बोट दाखवीन.

सिलिंडर अडकत नाही याचं कारण मोठं नसावं. कोल्टच्या यंत्रणेत चाप आणि सिलिंडर अडवणारा बोल्ट या दोघांना एकच दुटांगी चपटी स्प्रिंग दाबते. तिची एक तंगडी मोडणं हा या जातीचा ठरलेला आजार आहे. चापाचं कडं काढलं की ती समोरच दिसते. ही स्प्रिंग स्वस्त असते, आणि चपटीऐवजी तारेचीही मिळते, ती जास्त टिकते. स्प्रिंग शाबूत असेल तर बोल्टचं डोकं किंवा घोड्याला टेकणारा त्याचा पाय झिजलेला असेल. तो भाग बदलणं म्हणजे कानशीने हळूहळू बसवणं आलं, आणि जास्त घासलं की भाग वाया. ते काम जाणत्याकडून करून घ्या.

पाचर विकत मिळते, पण ‘१८५१ नेव्हीची पाचर’ एवढंच सांगून मागवू नका. उबेर्तीची पिएत्ताला बसेलच असं नाही. किंचित जाड घ्या आणि थोडी थोडी घासत बसवा. डावीकडून अंगठ्याच्या जोराने, फार तर लाकडी हातोडीच्या एका टिचकीने घट्ट व्हावी, आणि सिलिंडर मोकळा फिरावा. हातोडी जोरात मारावी लागली तर अजून घासायला हवी.

भाग विकणारे: कनेटिकटमधलं व्हीटीआय, टेनेसीतलं डिक्सी गन वर्क्स, व्हर्जिनियातलं टेलर्स आणि न्यूयॉर्क राज्यातलं न्यूमरिच. बंद पडलेल्या कारखान्यांच्या भागांसाठी आधी न्यूमरिच. ऑर्डर देण्याआधी मोडक्या भागाचा मोजपट्टीसह फोटो पाठवून विचारा.

खर्च करण्याआधी एक तपासणी करा. सिलिंडरच्या मागे, फ्रेमच्या पितळी चेहऱ्यावर सिलिंडरच्या दातांचा ठसा खोल उमटला असेल किंवा नळी बसवूनही सिलिंडर पुढेमागे सरकत असेल, तर आधीच्या मालकाने दारू सढळ हाताने भरली आहे आणि पितळ ताणलं गेलं आहे. अशा फ्रेमवर पैसे घालू नका. शोभेसाठी स्प्रिंग आणि पाचर घालून ठेवलंत तर हरकत नाही.

कायद्याचं: अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात टोपीची, ठासणीची रेप्लिका ‘अँटिक’ धरली जाते, म्हणून भाग टपालाने येतात. राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत ही सवलत पिस्तुलांना नाही, तेव्हा तिथल्या एडिसन गावातल्या एखाद्या मित्राला भेट द्यायचा विचार असेल तर सोडून द्या. भारतात तर अजिबात नेऊ नका, सुटा भागही नाही: १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच, आणि आयातीला परवाना लागतो.

दांड्याखालच्या पट्ट्याचा, निपलच्या आट्याचा आणि चापाचं कडं काढल्यावर दिसणाऱ्या स्प्रिंगचा, असे तीन फोटो टाका. त्यावरून कारखाना सांगता आला तर सांगतो.