वुई वन, वुई हॅव वन की वुई हॅड वन?

एका ताईंनी विचारलंय. मुलाची खो-खोची टीम काल जिल्ह्याची फायनल जिंकली, त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर "वुई हॅव वन द फायनल यस्टरडे" असं टाकलं, दीर म्हणाले "हॅड वन" करा, आणि मुलगा म्हणतो नुसतं "वन" लिही. बरोबर कोण?

ताई, मुलगा बरोबर आहे. वाक्यात "यस्टरडे" आलाय ना, तिथेच सगळं ठरलं. काल, गेल्या रविवारी, 1983 साली, अशी सरलेली वेळ एकदा सांगितली की इंग्रजीत "हॅव" चालत नाही. "यस्टरडे" काढून टाका, मग तुमचं "वुई हॅव वन द फायनल!" अगदी छान, कारण मग ती ताजी बातमी होते, ट्रॉफी अजून हातात आहे असं वाटतं. अमेरिकेत मात्र ताज्या बातमीलाही सर्रास "वुई वन!" म्हणतात.

आपली गल्लत होते ती मराठीमुळे, आणि ती होणारच, कारण आपण "काल जिंकलो" म्हणतो आणि "अगं काल जिंकलोय आम्ही" असंही अगदी सहज म्हणतो. "जिंकलोय" मधल्या त्या "य"ला, म्हणजे "आहोत"ला, कालचं वावडं नाही, इंग्रजीतल्या "हॅव"ला आहे. दिरांचा "हॅड" पण तिथूनच आला, आपण "मागच्या वर्षी जिंकलो होतो" एवढंच बोलून थांबू शकतो, पण इंग्रजीत "हॅड वन" ऐकलं की ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघतो. "पाऊस आला तोवर आम्ही जिंकलो होतो", इथे हॅड हवाच, कारण आधी जिंकलो मग पाऊस आला. नुसत्या बातमीत तो ठेवला की पुढे काही बिनसलं का असं वाटतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गंमत. 2 एप्रिल 2011, वानखेडे, धोनीचा तो सिक्स, आणि रवी शास्त्री कॉमेंट्रीत म्हणाले "इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप आफ्टर ट्वेंटी एट इयर्स". लिफ्ट! लिफ्टेड नाही, हॅव लिफ्टेड पण नाही. डोळ्यांसमोर घडतंय ते सांगताना इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरतं, पेपरच्या हेडलाइनमध्येही तेच, "इंडिया विन". (लिफ्ट्स किंवा विन्स का नाही, तर ब्रिटिश वळणाच्या क्रिकेटच्या इंग्रजीत टीम अनेकवचनी धरतात.) तोच वर्ल्ड कप आज आठवून सांगायचा झाला तर "इंडिया वन इट इन 2011", इथे दुसरा पर्यायच नाही.

आणि प्राचीन ग्रीसमधल्या मॅरेथॉनच्या लढाईतल्या विजयाची बातमी घेऊन अथेन्सला धावत गेलेला तो दूत, ग्रीक भाषेतला प्राचीन लेखक लुशियन याने लिहिलेल्या गोष्टीत त्याच्या तोंडी "निकोमेन" आहे, ग्रीकमधला चक्क वर्तमानकाळ, अर्थ मात्र "आपण जिंकलोय". म्हणून इंग्रजीत कुणी ते "वुई हॅव वन" करतं, कुणी "वुई आर व्हिक्टोरियस". आपल्याकडे 1670 च्या सिंहगडाची आठवण सांगताना "गड आला पण सिंह गेला" म्हणतात, तिथे साधा भूतकाळच पुरतो, पण इंग्रजीत नेताना मी "द फोर्ट इज वन, बट द लायन इज गॉन" करेन, म्हणजे काय घडलं यापेक्षा आता काय उरलंय ते त्यात येतं.

तेव्हा ताई, ग्रुपवर "वुई वन द फायनल यस्टरडे" टाका, आणि मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, खो-खोची पण आणि इंग्रजीची पण.