‘ईजबेलचा आत्मा’ आणि ‘भविष्यवादी धैर्य’: दोन शब्दप्रयोगांविषयी

एका वाचकाने विचारले आहे की, “मंडळीत ईजबेलचा आत्मा शिरला आहे आणि त्याला तोंड द्यायला भविष्यवादी धैर्य लागते” असे वाक्य प्रवचनात ऐकले (‘मंडळी’ म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, चर्च). यातले ‘ईजबेलचा आत्मा’ हे शब्द पवित्र शास्त्रातले आहेत काय, ‘भविष्यवादी धैर्य’ हे मराठी बरोबर आहे काय, आणि एखाद्या माणसाला उद्देशून हे शब्द वापरावेत काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ईजबेल राणी शास्त्रात आहे, पण ‘ईजबेलचा आत्मा’ हा शब्दप्रयोग जुन्या करारात नाही आणि नव्या करारातही नाही. गंमत अशी की, याच्या उलट बाजूचा ‘एलीयाचा आत्मा’ हा प्रयोग मात्र आहे. एलीया म्हणजे ईजबेलला विरोध करणारा संदेष्टा, देवाचा निरोप सांगणारा: तो वर घेतला गेल्यावर त्याचा आत्मा त्याचा शिष्य अलीशा याच्यावर उतरला आहे असे यरीहोचे शिष्य म्हणतात (२ राजे २:१५), आणि बाप्तिस्मा करणारा योहान एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने पुढे चालेल असे लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत सांगतो. ‘ईजबेलचा आत्मा’ ही जोडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी बोलणाऱ्या करिश्माई (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्यांत रूढ झाली आणि तिथून भाषांतरित पुस्तकांच्या व प्रवचनांच्या वाटेने मराठीत आली.

मराठीत येताना तिच्यात एक अडचण शिरली. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘अमक्याचा आत्मा’ म्हटले की मेलेल्या माणसाचा जीव डोळ्यांपुढे येतो. कोणाचा आत्मा शांत होतो, कोणाचा भटकतो. त्यामुळे नवख्या श्रोत्याला ‘ईजबेलचा आत्मा’ म्हणजे त्या राणीचे भूत वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. शास्त्राच्या मराठीत ‘आत्मा’ हा शब्द गुणवाचक नामाला जोडून येतो तेव्हा ही अडचण राहत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देवाने आपल्याला भित्रेपणाचा नव्हे, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे असे म्हटले आहे, आणि तिथे कोणाला भूत दिसत नाही. म्हणून वृत्ती सांगायची असेल तर ‘ईजबेलची वृत्ती’ किंवा ‘ईजबेलची रीत’ म्हणणे मराठीला अधिक मानवेल. आणि खरोखर दुष्ट आत्मा म्हणायचे असेल, तर ‘अशुद्ध आत्मा’ हा शुभवर्तमानांतला शब्द आपल्याकडे आहेच.

पण ही वृत्ती म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवायला राणीची कथाच वाचावी लागते, आणि ती वाचली की प्रवचनांतली ईजबेल व शास्त्रातली ईजबेल यांच्यात बरेच अंतर दिसते. ती सीदोन्यांचा राजा एथबाल याची मुलगी आणि इस्राएलाचा राजा अहाब याची राणी, काळ इ. स. पूर्व नववे शतक. तिच्या नावाचा संबंध ‘राजपुत्र कोठे आहे?’ अशा अर्थाच्या, बआल या कनानी देवाच्या उपासनेतल्या हाकेशी असावा आणि इब्री लेखकांनी ते नाव मुद्दाम शेणाच्या शब्दासारखे ऐकू येईल असे वळवले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या अंताच्या वर्णनात तिचे प्रेत शेतातल्या खतासारखे होईल असे म्हटले आहे (२ राजे ९:३७), त्यामुळे या मताला आधार मिळतो. बआलाचे साडेचारशे आणि अशेरा देवीचे चारशे संदेष्टे तिच्या पंक्तीला जेवत, आणि परमेश्वराच्या संदेष्ट्यांची ती कत्तल करत असताना अहाबाचा कारभारी ओबद्या याने शंभरांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले. म्हणजे राजाश्रयाने पोसलेले संदेष्टे एका बाजूला आणि लपून भाकरी खाणारे दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी आहे.

तिच्या वागण्याचा खरा नमुना मात्र, एलीया व बआलाचे संदेष्टे यांचा सामना झाला त्या कर्मेल डोंगरावर दिसत नाही. तो नाबोथाच्या द्राक्षमळ्यात दिसतो (१ राजे २१), आणि प्रवचनांत या अध्यायाला कमी जागा मिळते याचे मला नेहमी नवल वाटते. इज्रेलात राजवाड्याला लागून नाबोथाचा मळा आहे. वाडवडिलांचे वतन विकायला तो तयार नाही. राजा रुसून तोंड फिरवून पडला आहे. ईजबेल अहाबाच्या नावाने पत्रे लिहिते, त्यांवर त्याची मोहर करते आणि ती नगरातल्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) व प्रतिष्ठितांना पाठवते. पत्रांतला मजकूर पाहण्यासारखा आहे: उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवा, त्याच्यासमोर दोन अधम माणसे बसवा आणि त्याने देवाला व राजाला शिव्याशाप दिले अशी साक्ष त्यांच्याकडून देववा. साक्षीदार दोनच का? कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मरणदंडासाठी दोन किंवा तीन साक्षीदार लागतात. उपास आहे, सभा आहे, साक्षीदारांची संख्या नियमाप्रमाणे आहे, धर्माच्या मानाचे कारणही आहे. खोटी आहे ती फक्त साक्ष. आणि आणखी एक बारकावा असा की, पत्रांवर मोहर राजाची होती, तरी नाबोथ दगडमाराने मेल्याचा निरोप वडील मंडळी पाठवतात तो ईजबेलकडे. मोहरेमागे कोणाचा हात आहे हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी हूं की चूं केले नाही.

तेव्हा ‘ईजबेलची वृत्ती’ या शब्दांना काही नेमका अर्थ द्यायचाच असेल तर तो इथून घ्यावा: दुसऱ्याच्या अधिकाराची मोहर वापरणे, धार्मिक विधीचे पांघरूण घेणे, नियमाचा सांगाडा जपून न्याय मारणे आणि ज्याने ‘नाही’ म्हटले त्याच्यावर देवद्रोहाचा आरोप आणणे. या अर्थाने पाहिले तर प्रचलित वापर पुष्कळदा उलटा पडतो. पाळकाला हिशेब विचारणारी बहीण, एखाद्या निर्णयाशी सहमत नसलेला मंडळीचा वडील (ज्येष्ठ पुढारी), प्रश्न करणारी तरुण मुले यांना ‘ईजबेलचा आत्मा’ म्हटले जाते, म्हणजे नाबोथाच्या जागी बसलेल्यावर राणीचे नाव चिकटवले जाते. अहाबानेही हेच केले होते. एलीया समोर येताच त्याने विचारले की, इस्राएलाला संकटात घालणारा तो तूच ना? एलीयाने तो शब्द तिथल्या तिथे परत केला: मी नव्हे, तू व तुझ्या बापाच्या घराण्याने इस्राएलाला संकटात घातले आहे.

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातली ईजबेल वेगळी. थुवतीरा येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्वतःला संदेष्ट्री म्हणवणाऱ्या एका बाईला हे नाव दिले आहे, आणि ते तिचे खरे नाव नसून जुन्या राणीवरून दिलेले असावे असे बहुतेक भाष्यकार मानतात. थुवतीरा हे कारागिरांच्या संघांचे गाव होते. तिथल्या शिलालेखांत रंगारी, चांभार, तांबट अशा संघांचे उल्लेख सापडतात, आणि प्रेषितांच्या कृत्यांत येणारी जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया तिथलीच. संघांच्या मेजवान्यांत मूर्तींना वाहिलेले मांस असे, तेव्हा न खाणे म्हणजे धंद्यातून बाहेर पडणे. खायला हरकत नाही असे ती बाई शिकवत होती. तिच्यावरचा ठपका जारकर्म व मूर्तींचा नैवेद्य यांविषयी दासांना भुलवल्याचा आहे. ती वरचढपणा करते किंवा मोठ्याने बोलते असा नाही. स्त्रीने संदेश देणे हाही दोष नाही, कारण दबोरा व हुल्दा यांना शास्त्र संदेष्ट्री हेच पद देते, आणि योशीया राजाने सापडलेल्या ग्रंथाविषयी परमेश्वराचे म्हणणे विचारायला याजकाला व चिटणीसाला पाठवले ते हुल्देकडेच. इंग्रजीत मात्र हे नाव फार पूर्वीपासून बायकांना द्यायची शिवी होऊन बसले आहे. स्कॉटलंडचा सुधारक जॉन नॉक्स याने १५५८ मध्ये स्त्रियांच्या राज्यकारभाराविरुद्ध लिहिताना इंग्लंडच्या मेरी राणीला हेच नाव दिले, आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळात काळ्या स्त्रियांना बदफैली ठरवायला ते सर्रास वापरले गेले. आपण ते नाव उसने घेतो तेव्हा हा गाळही सोबत येतो.

मंडळीवर ताबा ठेवणाऱ्या माणसाचे नव्या करारातले उदाहरण हवे असेल, तर ते पुरुषाचे आहे. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस भेटतो: त्याला पहिला होण्याची हौस आहे, तो योहानाचे म्हणणे मानत नाही, बंधूंचा स्वीकार करत नाही आणि जे करू पाहतात त्यांना मंडळीबाहेर घालवतो. दोन वाक्यांत सगळे चित्र आले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात वडिलांना बजावले आहे की कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा. ‘धनीपण करणे’ हा इतका नेटका मराठी प्रयोग हाताशी असताना ‘नियंत्रणात्मक प्रभाव’ असले बोजड शब्द घडवायची मला तरी गरज दिसत नाही.

आता दुसरा प्रश्न. ‘भविष्यवादी धैर्य’ चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ‘भविष्यवादी’ म्हटले की आजच्या मराठीत एक तर भविष्य सांगणारा आठवतो, नाहीतर पुढच्या युगाची कल्पना करणारा कलावंत. शास्त्रातला ‘संदेष्टा’ हा मुळात दुसऱ्याचा निरोप त्याच्या वतीने बोलणारा आहे. निर्गमात अहरोन हा मोशेचा संदेष्टा होईल असे म्हटले आहे, आणि त्याआधी तो मोशेचे मुख होईल असे. होणाऱ्या गोष्टी सांगणे हा त्या कामाचा एक भाग, तोही पुष्कळदा ‘तुम्ही असेच चालत राहिलात तर’ या अटीवर. १ शमुवेल ९:९ मध्ये एक टीप आहे की, आता ज्याला संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत. मराठी भाषांतरकारांनी द्रष्टा व संदेष्टा ही एकाच घडणीची जोडी योजून ती टीप सुरेख साधली आहे. म्हणून ‘संदेष्ट्याचे धैर्य’ म्हणावे. 

यातला ‘धैर्य’ हा शब्दही नीट निवडलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राचे व योहानाचे धैर्य पाहून सभेला आश्चर्य वाटले असे आहे, तिथला ग्रीक शब्द ‘पारेसिया’ हा मूळचा नगराच्या स्वतंत्र माणसाने सभेत काही न लपवता बोलण्याच्या हक्कासाठीचा. मराठी ‘धैर्य’ धरण्याच्या, टिकून राहण्याच्या अर्थाकडून येते. धाडसात उडी असते, धैर्यात टिकाव. फटकळपणाला धैर्य म्हणण्याची चाल अलीकडे बोकाळली आहे, ती या दोन्ही अर्थांत बसत नाही. भीती नसणे असाही त्याचा अर्थ नाही. कर्मेलावर साडेचारशे जणांपुढे उभा राहिलेला एलीया ईजबेलचा एक निरोप येताच बैर-शेब्यापर्यंत पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला आणि मी एकटाच उरलो म्हणाला. त्याला अन्न, झोप आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत अशी बातमी मिळाली. त्यानंतर तो नाबोथाच्या मळ्यात जाऊन अहाबापुढे उभा राहिला.

वाचकाने ऐकलेल्या त्याच प्रवचनात मंडळीतल्या ‘मूर्तिपूजे’चाही उल्लेख होता असे ते लिहितात, आणि मंडळीत मूर्ती कोठून आली असा त्यांना प्रश्न पडला आहे. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे, म्हणजे शब्दाचा हा विस्तार पहिल्या शतकातलाच. त्याहून बोलके उदाहरण हिज्कीया राजाचे: मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला पितळी साप लोक धूप जाळून पुजू लागले होते, तो त्याने फोडून टाकला (२ राजे १८:४). ती वस्तू परकी नव्हती, देवानेच दिलेली होती. इमारत, परंपरा, एखाद्या सेवकाचे नाव किंवा गाजलेले संजीवन (धर्मजागृती) यांची गत अशी होऊ शकते, हे ‘मंडळीतली मूर्तिपूजा’ म्हणणाऱ्याला सुचवायचे असते. राज्यसत्तेच्या बाबतीत हा अर्थ मे १९३४ मध्ये जर्मनीतल्या बार्मेन येथे उघड झाला. हिटलरच्या राजवटीला मंडळी जोडू पाहणाऱ्यांविरुद्ध तिथल्या सभेने जाहीर केले की, मंडळीने ऐकायचा व ज्याच्या आज्ञेत राहायचे तो देवाचा एकच शब्द येशू ख्रिस्त आहे. त्या मसुद्यात ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक कार्ल बार्थ याचा मोठा वाटा होता.

राहिला तिसरा प्रश्न, माणसाला उद्देशून म्हणण्याचा. शास्त्रातले संदेष्टे समोरच्याचे कृत्य सांगतात. नाथान दावीदाला ‘तूच तो मनुष्य’ म्हणतो आणि लगेच दावीदाने मारवलेल्या उरीयाचे नाव घेतो. एलीयाला अहाबापुढे विचारायचे होते ते असे की, तू खून करून वतनही घेतलेस काय? पौलाने अंत्युखियात केफाला (म्हणजे पेत्राला) तोंडावर विरोध केला तेव्हाही केफा कोणाबरोबर जेवायचा थांबला हेच सांगितले. ‘तुझ्यात अमक्याचा आत्मा आहे’ या वाक्याला ऐकणाऱ्यापाशी उत्तर नसते, कारण ते पडताळता येत नाही. ‘तुम्ही सभेचा ठराव बदलून नोंदवला’ याला मात्र हो किंवा नाही म्हणता येते. वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असे तीमथ्याला सांगितले आहे, आणि नाबोथाची कथा आठवली की ते साक्षीदार खरे असावेत हेही ओघाने आले. म्हणून व्यक्तीला हे नाव देऊ नये.

लेखनाविषयी दोन गोष्टी: ‘संदेष्टा’ या शब्दाचे सामान्यरूप ‘संदेष्ट्या-’ होते आणि स्त्रीलिंगी रूप ‘संदेष्ट्री’, त्यामुळे ‘संदेष्टाने’, ‘महिला संदेष्टा’ हे छापील पत्रकांत दिसणारे प्रयोग टाळावेत, आणि ‘मूर्तिपूजा’ हा तत्सम समास असल्यामुळे त्यातली ‘ति’ ऱ्हस्व लिहावी, ‘मूर्ती’ हा सुटा शब्द मात्र दीर्घ.