रिपोर्ट नॉर्मल आहे, मग मी का दचकते?

“मॅडम, बघा ना, सगळं नॉर्मल आलंय. घरचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच तसं असेल का हो?” फाईल माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं.

चाळिशीच्या आतबाहेरच्या बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अकरा वर्षं मारहाणीच्या संसारात काढून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या. आता घर सुरक्षित, नोकरी बरी. तरी पहाटे तीनला जाग, विसरभोळेपणा, छातीत धडधड. ताणाने कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं असं वाचून स्वतःच सकाळी रक्त तपासून आल्या होत्या. आकडा मर्यादेत होता.

एवढ्यात बाहेर कुणीतरी दाराची कडी घातली. त्यांचा हात गळ्याशी गेला, खांदे वर चढले आणि चालू वाक्य अर्ध्यावरच सुटलं. “काय सांगत होते मी?” काही केल्या आठवेना. त्या फाईलपेक्षा मला हेच जास्त सांगून गेलं.

मी कागदावर चित्र काढलं. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण पुरेसं झालं की ‘आता थांब’ हेही मेंदूला कॉर्टिसॉलच सांगतं. वर्षानुवर्षं भीतीत काढलेल्या काहींच्या शरीरात हा ब्रेक फार हळवा होऊन बसतो. जरासं कॉर्टिसॉल वाढलं की लगेच लागतो. मग आकडा नॉर्मल येतो, कधी कमीसुद्धा. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार) असलेल्या सैनिकांच्या लघवीत कॉर्टिसॉल कमी असल्याचं १९८० च्या दशकातच दिसलं होतं. सगळ्यांमध्ये तसंच आढळतं असंही नाही. म्हणून एका सकाळच्या आकड्यावरून कुणाचं दुःख खरं की खोटं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

नॉरॲड्रेनालिनची, म्हणजे शरीराला सावध ठेवणाऱ्या रसायनाची, गोष्ट वेगळी. ते बऱ्याचदा चढंच राहतं. अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला पहारेकरी, कडीच्या आवाजालाही जुना धोका समजतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ऐन वेळी मागे पडतो. वाक्य हातचं निसटतं ते तिथेच.

“म्हणजे डोकं कायमचं बिघडलं माझं?”

नाही. मेंदू जसा भीती शिकला, तसा सुरक्षितताही शिकतो. मात्र चार दिवसांत नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. धडधडीमागे थायरॉइड किंवा रक्तक्षय नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घेतलं. मग आघातावर केंद्रित उपचार सुरू झाले: जुन्या आठवणींकडे, झेपेल तेवढंच, पुन्हा पुन्हा जाणं. झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञांनी काही काळ औषध दिलं. मधल्या दोन आठवड्यांत त्रास वाढला आणि त्या येणंच सोडणार होत्या.

पाचव्या महिन्यात एकदा बोलता बोलता तीच कडी वाजली. त्या दचकल्या. दाराकडे पाहिलं, पाय जमिनीवर घट्ट टेकवले, लांब श्वास सोडला. “तर मी म्हणत होते,” असं म्हणून सुटलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं.