अठ्ठावीस लाखांचं कर्ज आणि सदतीस हजारांची फेलोशिप

प्रश्न: वय २७, नाशिकला एचआरमध्ये नोकरी. हातात ४५,००० येतात, शिल्लक ६ लाख. बी.ए. मानसशास्त्रात झालंय, आता संशोधनाकडे वळायचंय. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी २८ लाखांचं कर्ज काढू, की पुण्यात दोन वर्षांचं एम.ए. करू? बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत.

उत्तर: घर तारण ठेवू नका.

२८ लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर हप्ता साधारण ३८,५०० बसतो. शिकत असताना चढणारं व्याज वेगळंच. आता दुसरी बाजू बघा. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप मिळाली, तर २०२३पासूनच्या दराने महिना ३७,००० आणि घरभाडे भत्ता. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी फेलोशिप आली की हप्त्यातच जाणार. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत आहे म्हणाल, तर ती जुन्या करप्रणालीत. शिवाय फेलोशिपवर कर भरायची वेळच सहसा येत नाही, मग सवलत घेणार कशातून?

संशोधनात मास्टर्स हा मुक्काम नाही, पीएच.डी.पर्यंत जायचंय. त्यामुळे पैसा पहिल्याच टप्प्यावर उधळू नये असं माझं मत. परदेशाचीच ओढ असेल तर अमेरिकेतल्या बऱ्याच संशोधनप्रधान पीएच.डी.ना फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं. स्पर्धा मात्र जबरदस्त.

पुण्यात सरकारी विद्यापीठाच्या विभागात प्रवेश मिळाला तर फी हा मोठा खर्च नाही. मोठा खर्च म्हणजे बुडणारा पगार: २४ महिन्यांचे १० लाख ८० हजार. तो सोसण्यासारखा आहे, कारण तो कुणाला फेडायचा नाही. राहणं-जेवण महिना १८,००० धरलं तर सव्वाचार-साडेचार लाख जातील, फी भरूनही थोडं हाताशी राहील. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने करायचा विचार असेल तर तो दरवाजा बंद झालाय: विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राला त्या पद्धतीत मनाई केली आहे.

दुसऱ्या वर्षाला असतानाच नेट देता येते, वर्षातून दोनदा होते. जेआरएफची वयोमर्यादा ३० असली तरी महिलांना पाच वर्षांची सूट आहे, तुम्ही महिला असाल तर घाई नको. नाहीच जमलं तर क्लिनिक उघडू, हा पर्याय मात्र हिशेबात धरू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी मानसशास्त्राच्या साध्या एम.ए.वर होत नाही, त्याचं प्रशिक्षण वेगळं.

राजीनाम्याआधी स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी काढा, कंपनीची नोकरीबरोबर जाते. पीएफ काढू नका. सलग पाच वर्षं सेवा नसेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. आणि त्या ६ लाखांतलं एक लाख एफडीत वेगळं ठेवा, ते फीलाही वापरायचं नाही.